मोकळ्या गळ्यानं

“अंगावरचं सगळं या डब्यात,” हेरंब म्हणाला. “अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं. कानात लोंबतं काही असेल तर तेही. दोर काही बघत नाही, जे मिळेल ते आत ओढून घेतो.”

आम्ही चौघी जणी ओढ्याच्या काठावर उभ्या होतो. डोक्यावर हेल्मेट, कमरेला आणि मांड्यांना आवळून बांधलेले पट्टे, खाली नवऱ्यांच्या किंवा मुलांच्या ट्रॅकपँट. आसपास आरसा नव्हता हे एक बरं होतं. शाळेच्या नववीच्या मुलींना साहसशिबिरासाठी या घळीत आणायचं असं वर ठरलं होतं. त्यावर आमच्या पर्यवेक्षिका शेटेबाई मीटिंगमध्ये म्हणाल्या होत्या, “जिथं मुली उतरणार तिथं आधी बाई उतरणार.” बोलून गेल्या आणि अडकल्या. निवृत्ती तोंडावर आलेली, गुडघे कुरकुरणारे, पण शब्द फिरवतील तर त्या शेटेबाई कसल्या. त्यांच्याबरोबर खेळाच्या नफिसाबाई, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारी उज्ज्वला वाकचौरे, आणि मी, विज्ञानाची प्रमिला गुंजाळ.

काम सांगायला सोपं होतं. डोंगराच्या माथ्यावर ओढ्यात शिरायचं आणि ओढा जसा खाली जातो तसं त्याच्याबरोबर जायचं. कुठे दोरावरून, कुठे बसून घसरत, कुठे हातापायांनी कातळ धरून, थेट पायथ्याच्या वाडीपर्यंत. मार्गशीर्ष लागला होता, पाणी ओसरलं होतं, पण थंडगार होतं. आता म्हणे तिथे तिकीट लावून माणसं उतरवतात. तेव्हा हेरंब कर्डिले आणि त्याचा जोडीदार इलियास, असे दोघंच ती घळ जाणत होते.

डब्यात पहिलं मंगळसूत्र पडलं ते शेटेबाईंचं. अंबाडा जरा वर केला, मागची कडी काढली आणि भाजीवाल्याला सुटे द्यावेत तसं डब्यात टाकलं. “धर रे बाबा. सांभाळ. हे हरवलं तर आमचे हे दुसरं करणार नाहीत, त्यांना सोन्याचा भाव पाठ आहे.”

उज्ज्वलानं लगेच आपलं काढलं. “मान किती हलकी झाली गं,” ती म्हणाली. “रोज सुट्टीवर पाठवायला पाहिजे याला.” नफिसाबाईंनी अंगठी आणि काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या.

डबा माझ्याकडे आला. मी कानातल्या रिंगा काढल्या, पाटल्या काढल्या. मग ओढ्याकडे तोंड करून मंगळसूत्र टी-शर्टच्या आत सोडलं, वरच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि डब्याचं झाकण लावून तो हेरंबच्या हातात दिला.

“सगळं?” त्यानं विचारलं.

“सगळं.”

उज्ज्वला माझ्याकडे बघत होती. ही बाई बसमधल्या अनोळखी माणसालाही तुमचं बटण तुटलंय म्हणून सांगणारी. ती काहीच बोलली नाही, याचं मला त्या वेळी आश्चर्य वाटायला हवं होतं.

आता सांगून टाकते. माझा नवरा अनंत मला सोडून गेला त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. तो नाशिकला दुसऱ्या बाईबरोबर राहत होता. कोर्टाचा निकालही होऊन गेला होता. शाळेत मात्र तो वापीला होता. केमिकल कंपनीत, शिफ्ट इन्चार्ज. ती नोकरी त्याला मीच लावून दिली होती, मधे एकदा बढतीही मीच दिली. अधूनमधून तो यायचा, तेव्हा सोमवारी मी स्टाफरूममध्ये पेढे न्यायची. वटपौर्णिमेचा उपास धरायची. संक्रांतीला उज्ज्वलाकडे वाण घ्यायला जायची आणि तिला माझ्याकडे बोलवायची. ‘टाकलेली’ हा शब्द मी लहानपणी माझ्या आत्याबद्दल ऐकला होता, स्वयंपाकघरात, खालच्या आवाजात, पोळ्या लाटता लाटता. तो माझ्यामागे कोणी उच्चारू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. गावात आणि शाळेत माझी जी काही इभ्रत होती ती त्या काळ्या मण्यांवर उभी आहे अशी माझी पक्की समजूत होती. शेटेबाईंना आणि उज्ज्वलाला ते खुशाल काढून ठेवता येत होतं, कारण घरी नवरा होता. माझ्याकडे तेवढंच होतं.

म्हणून तर मी ते तंगुसात ओवून घेतलं होतं. मासे धरायची ती नायलॉनची दोरी. सोनार म्हणाला होता, “बाई, आता बैलानं ओढलं तरी तुटायचं नाही.”

पहिला कडा छोटा होता. झाडाला दोर बांधून हेरंबनं आम्हाला एकेक करून खाली सोडलं. सगळे उतरल्यावर इलियासनं खालून दोराचं एक टोक ओढलं, दुसरं टोक सळसळत वर गेलं आणि सगळा दोर आमच्या पायाशी येऊन पडला.

“झालं,” हेरंब म्हणाला. “आता मागे जायचा रस्ता नाही. पुढेच जायचं.”

“हे आधी नाही का सांगायचं?” शेटेबाई म्हणाल्या.

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का बाई?”

पुढचा तासभर फार सुखाचा गेला. ते सांगितलं नाही तर खोटं होईल. पाण्यानं गुळगुळीत केलेल्या कातळावर बसायचं, हात छातीशी घ्यायचे आणि सुटायचं. खाली डोहात धपकन पडायचं. शेटेबाई घसरताना ‘अगं आई आई आई’ करत गेल्या आणि वर येऊन म्हणाल्या, “परत नाही का जाता येणार?” उज्ज्वलाचा एक बूट वाहून चालला होता, तो नफिसाबाईंनी पोहत जाऊन धरला. मी किती दिवसांनी तोंड उघडून हसले असेन कोण जाणे. त्या हसण्यात माझ्या जॅकेटची चेन गळ्यापासून खाली सरकली होती, आणि मला त्याचं भान नव्हतं.

मग मोठा कडा आला. ओढा तिथे अरुंद होऊन सरळ खाली पडत होता आणि आम्हाला त्या धारेच्या कडेकडेनं उतरायचं होतं. कमरेच्या पट्ट्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक कडी, तिच्यातून दोर ओवलेला. उजवा हात मागे ठेवून दोर हळूहळू सोडायचा. शिवाय आधाराचा म्हणून दुसरा एक दोर, त्याचं टोक वर हेरंबच्या ताब्यात. इलियास आधी उतरला. पाठोपाठ शेटेबाई आणि नफिसाबाई गेल्या. वर हेरंब, उज्ज्वला आणि मी.

“मागे झुका मॅडम. खुर्चीत बसल्यासारखं. पुढे वाकून पाय बघू नका.”

मी पुढे वाकून पाय बघितले. सगळेच बघतात. टी-शर्टच्या गळ्यातून मंगळसूत्र बाहेर आलं आणि लोंबलं, ते मला दिसलं. डाव्या हातानं ते आत टाकायला गेले तेवढ्यात पाय निसटला, दोर थोडा सुटला आणि कडीनं ते दोराबरोबर आत ओढून घेतलं.

मान खाडकन खाली आली. हनुवटी छातीला टेकली. मी दोर आवळून धरला. खाली सरकावं तर मंगळसूत्र आणखी आत जाणार आणि गळा आवळणार. वर जायला आधार नाही. बाजूची धार आता नेमकी हेल्मेटवर पडत होती आणि तोंडावरून वाहत होती. श्वास घ्यायला तोंड वाकडं करावं लागत होतं.

“काय झालं?” वरून हेरंब.

मला बोलता येत होतं, तरी मी बोलले नाही. काय सांगणार होते? डब्यात सगळं टाकलं म्हणून सांगितलेली मी.

त्यानं आधाराचा दोर ओढून बघितला. उज्ज्वलानंही हात लावला असावा. दोर कड्याच्या काठावर करकरला, मी हलले नाही. थोड्या वेळानं आधाराचा दोर वरच बांधून तो आणखी एका दोरावरून माझ्या शेजारी उतरला, वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“मॅडम, मी विचारलं होतं.”

“सोडवा ना.”

“सुटणार नाही. तुमच्या वजनानं ते आत गच्च बसलंय.” त्यानं छातीवरच्या खिशातून चाकू काढला. “आता अजिबात हलू नका. तुमचे दोन्ही दोर इथंच आहेत, आणि ताणलेल्या दोराला पातं नुसतं लागलं तरी तो जातो.”

पातं गळ्याजवळ आलं आणि मी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं.

“कापू नका.”

“मॅडम, हात सोडा.”

“काहीही करा, पण कापू नका.”

“गळा आवळतोय तुमचा. उजवा हात बधीर झाला की दोरही सुटेल. हात सोडा.”

मी सोडला नाही. हे मी का केलं, ते आजही मला कळत नाही आणि चांगलंच कळतं. हेरंब जेमतेम पंचविशीतला मुलगा, सवाष्ण बाईचं मंगळसूत्र तिच्या मर्जीविरुद्ध कापायचं म्हणजे त्याचाही हात धजेना. त्यानं वर बघून ओरडून सांगितलं, “ताई, या कापू देत नाहीयेत. त्यांच्या मिस्टरांचं काहीतरी असेल, तुम्ही सांगा त्यांना.”

कड्याच्या ओठावर उज्ज्वला पालथी पडली होती. तिचं हेल्मेट आणि तोंड तेवढं दिसत होतं. धबधब्याच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ती घसा फोडून ओरडली, आणि ती दरी अशी की वरचं बोललेलं खालच्या डोहापर्यंत स्वच्छ जातं.

“काप तू. नवरा नाहीये तिला. कधीच सोडून गेलाय. काप आधी.”

माझा हात आपोआप गळून पडला.

हेरंबनं दोन बोटं आत घातली, तंगूस दोरापासून जरा दूर उचललं आणि पातं फिरवलं. मान सुटली. काळे मणी माझ्या छातीवरून, पोटावरून घरंगळत पाण्याबरोबर खाली गेले. त्यानं मला काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मला आपल्या पट्ट्याला अडकवलं, आधाराचा दोर सोडवला आणि हळूहळू खाली आणलं.

खाली कमरेएवढ्या पाण्यात शेटेबाई आणि नफिसाबाई उभ्या होत्या. दोघींनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का असेल म्हणून मी मान वर करत नव्हते. केली तेव्हा धक्का नव्हताच. शेटेबाई वाकून पाण्यात हात फिरवत होत्या.

“वाट्या जड असतात, त्या इथंच पडल्या असतील,” त्या म्हणाल्या. “नफिसा, तू त्या दगडाखाली बघ.”

नफिसाबाईंनी बुडी मारली. वर आल्या, डोळे पुसले, पुन्हा बुडी मारली. पाण्यानं ओठ निळे पडले होते. शेटेबाई, माझ्या वरिष्ठ, गुडघे दुखत असताना वाळूत हात घालून माझ्या नसलेल्या नवऱ्याचं सोनं शोधत होत्या. राहू द्या एवढे दोन शब्द बोलायचे होते. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. मी नुसती उभी राहिले.

नफिसाबाईंना एक वाटी सापडली. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि माझी मूठ मिटवली, लहान मुलाच्या हातात खाऊ देऊन मिटवतात तशी.

हेरंबनं पुन्हा वर चढून उज्ज्वलाला सोडलं; ती उतरून आली तेव्हा मी उन्हातल्या एका कातळावर बसले होते. ती शेजारी येऊन बसली. हेरंबही उतरल्यावर इलियासनं दोर ओढला आणि तो वरून येऊन पाण्यात पडला.

“कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“काय?”

“उज्ज्वला.”

तिनं बुटातलं पाणी ओतून टाकलं. “पहिल्या वर्षापासून. माझे दीर कोर्टात नाहीत का? तुझी तारीख असली की मला कळायचं.”

“आणि बाकीच्यांना?”

“सगळ्यांना. शेटेबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, तिनं आपणहून सांगितल्याशिवाय कोणी विषय काढायचा नाही. कोणी काढलाही नाही.”

“पेढे खायचात तुम्ही.”

“मग काय करणार? तू आणायचीस.” बूट दगडावर आपटत ती म्हणाली, “मला एकदा घशाखाली उतरेना. बाहेर जाऊन टाकून आले.”

“वाणाला बोलवायचीस.”

“नसतं बोलावलं तर तुला कळलं असतं ना की आम्हाला कळलंय.” तिनं बूट पुन्हा चढवला. “आज सकाळी शेटेबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आपण दोघी झटपट काढून टाकू, हसतखेळत, म्हणजे तिला ते अवघड वाटायचं नाही. मला वाटलं काढशील.”

फसवणाऱ्यानं फसावं याची लाज एक. त्याहून मोठी लाज ही की मी त्या माणसांना फसवत होते असं मी समजत होते आणि ती माणसं मला सांभाळत होती. वर्षानुवर्षं. मी पेढ्यांचा पुडा उघडला की स्टाफरूममध्ये एवढा उत्साह का यायचा, हे मला तिथे त्या कातळावर बसून कळलं.

“वरून असं ओरडायला नको होतं मी,” उज्ज्वला म्हणाली. “पण तू हात सोडत नव्हतीस.”

“बरं केलंस,” मी म्हणाले. आवाज मात्र तसा निघाला नाही.

परत जायचा रस्ता नव्हता. राहिलेली घळ त्यांच्याबरोबरच उतरायची होती. एक छोटा कडा, दोन घसरगुंड्या, नंतर नुसते धोंडे. अवघड जागी प्रत्येक वेळी कोणीतरी हात पुढे करायचं आणि मी तो धरायची. आता घसरताना कोणी ओरडत नव्हतं. शेटेबाईंनी एकदा ‘अगं आई’ म्हटलं आणि मधेच आवरलं. त्यांचा तो दिवस मी बिघडवला, याचंही मला वाईट वाटत होतं.

पायथ्याच्या वाडीत यमुनाबाईंच्या घरी जेवण सांगितलं होतं. हेरंबनं ओट्यावर डबा उघडून ठेवला. शेटेबाई आणि उज्ज्वला दोघींनी माझ्याकडे पाठ करून, घाईघाईनं, आपापलं मंगळसूत्र घातलं आणि पदर नसताना पदर घेतल्यासारखा टॉवेल गळ्याभोवती लपेटून घेतला. माझ्यासमोर गळा झाकावा लागत होता त्यांना.

नागलीच्या भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. यमुनाबाई पन्नाशीच्या, हातावर गोंदण, कपाळावर ठसठशीत कुंकू. एकेकीच्या ताटात भाकरी टाकत त्या माझ्यापर्यंत आल्या आणि थबकल्या.

“बाई, तुमचा गळा मोकळा का वं? डोरलं कुठंय?”

माझा हात गळ्याशी गेला.

“मालक हायेत ना?”

पिठलं वाढणारा इलियासही थांबला. ओट्यावर जी काही माणसं होती, यमुनाबाई सोडून, त्या सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं. लपवायचं असं काही उरलंच नव्हतं. यापेक्षा सोपी जागा मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. नाहीत म्हणायचं, बस. शेटेबाई माझ्याकडे बघत होत्या. परीक्षेत अडलेल्या मुलीकडे बघतात तशा, तुला येतंय, लिही, अशा नजरेनं.

“आहेत,” मी म्हणाले. “वापीला असतात. कंपनीत.”

शेटेबाईंनी नजर ताटाकडे नेली. कोणीतरी पाणी प्यायलं. मी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. हे शब्द माझ्या तोंडून कसे गेले ते मला सांगता येणार नाही. जिभेला दुसरं वळणच उरलं नव्हतं.

शेवटी उज्ज्वला म्हणाली, “दोरात अडकून तुटलं हो वहिनी, पाण्यात पडलं.” आणि मग, जरा अडखळून, “संक्रांतीला येतील ते. तेव्हा नवीन करतील.”

“मंग तवर काय आशीच राह्यची का?” यमुनाबाई म्हणाल्या. “माझ्या दारातून सवाष्ण मोकळ्या गळ्यानं गेली तर मला झोप लागंल का?”

त्या आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात काळ्या मण्यांची पोत होती, साध्या दोऱ्यातली, मधे एक पिवळा मणी. “माझ्या लेकीसाठी ओवून ठिवली व्हती. तिला दुसरी करीन. वाका जरा.”

‘नको’ म्हणायला अजूनही वेळ होता. हात वर करून तो दोरा अडवायलाही वेळ होता.

मी वाकले. यमुनाबाई माझ्या पाठीमागे बसल्या. गाठ मारायला त्यांना केस आड येत होते, तेव्हा उज्ज्वला ताटावरून उठली आणि तिनं माझे ओले केस दोन्ही हातांनी वर उचलून धरले.